जुन्या कोब्यावर २० मिमीची पोर्सिलेन फरशी: मदत हवी आहे, तातडीनं

निपाणीची_सून:
अंगणात जुना कोबा आहे. त्यावर बाहेरची २० मिमी पोर्सिलेन फरशी घालायची आहे, दोन बाय दोन फुटांची. माल येऊन पडलाय. गवंडी म्हणतो, वर सिमेंट-वाळूचा माल पसरून ठोकून देतो, ‘नडीतैति’ (कानडीत ‘चालतंय’). शेजारी अशीच घातली होती, वर्षात चार फरशा सुटल्या. मग चिकटवायची कशानं? गौरी-गणपतीच्या आत व्हायला पाहिजे.

चिकोडीकर:
ताई, कोबा किती जाड? चारचाकी जाते का? ढाळ कुणीकडं आहे?

खडेबाजार:
सुटणारच. पोर्सिलेन अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही, त्यामुळं साध्या मालाला पाठीमागून पकडच मिळत नाही. पॉलिमरवालं टाइल अ‍ॅडेसिव्ह घ्या. पिशवीवर आयएस १५४७७ (टाइल अ‍ॅडेसिव्हचं भारतीय मानक), प्रकार ३ किंवा वरचा बघून घ्या. कोब्यावर दातेरी थापीनं ओढायचं आणि फरशीच्या पाठीलाही पातळ हात मारायचा. चार कोपरे नि मध्ये एक गोळा असं अजिबात करू देऊ नका, पोकळीत पाणी साचतं.

जुना_वाडा:
माझं ऐका, पोर्सिलेन परत करा आणि शहाबादी घाला. आमच्या परसात ३० वर्षं झाली, एक हलली नाही.

चिकोडीकर:
पावसात शहाबादीवर शेवाळ धरतं हो. आमची आई त्याच्यावरच घसरली, दोन महिने अंथरुणात होती. म्हाताऱ्या माणसांच्या घरात खरबरीत पोर्सिलेनच बरी.

जुना_वाडा:
ब्रश मारला की शेवाळ जातं. रोजचं काम आहे ते.

बोअरचं_पाणी:
फरशीवर क्षाराचे पांढरे डाग पडले तर पातळ अ‍ॅसिडनं पुसा, लखलखीत होतं.

खडेबाजार:
अ‍ॅसिडनं सांध्यातलं सिमेंटचं ग्राउट खाऊन जातं. आणि ताईंनी डागांचं विचारलेलं नाही.

निपाणीची_सून:
कोबा चार इंच असेल. फक्त मोटारसायकल असते. पाणी थोडं भिंतीकडं साचतं. मधोमध एक चीर आहे, ती भरली की झालं ना?

खडेबाजार:
हे आधी सांगायचं होतं! भिंतीकडं पाणी म्हणजे ढाळ उलटा. मीटरला निदान १२ मिमी उतार घराकडून बाहेरच्या बाजूला हवा. फरशी पातळीत चिकटवली तर पाणी तसंच घरात येणार. फरशी अधिक अ‍ॅडेसिव्ह मिळून ३० मिमी उंची वाढेल. उंबरा आणि गेट मोजलंत का? आणि जमीन काळी आहे का?

निपाणीची_सून:
काळीच. उन्हाळ्यात चिरेत रुपया जायचा, आता मिटल्यासारखी दिसते.

चिकोडीकर:
मग ती हलती चीर आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. भरली तरी पुन्हा उघडणार, वरची फरशीही तिथंच फुटणार. दोन्ही बाजू एका पातळीत असतील तर सांधा बरोबर चिरेवर आणून लवचीक सीलंट भरता येईल. हात फिरवून बघा.

निपाणीची_सून:
बघितलं. एक बाजू बोटभर वर आलीय.

खडेबाजार:
मग वर काही घालू नका. कोबा फोडा, काळी माती काढून मुरूम ठोकून भरा, नवा काँक्रीट ढाळात घाला आणि २८ दिवस जाऊ द्या. भर पावसात हे होत नाही, अ‍ॅडेसिव्हही धुऊन जाईल.

निपाणीची_सून:
म्हणजे गणपतीला नाहीच. सासूबाईंना सांगते. फरशा शेडमध्ये उभ्या करून ठेवते, दसऱ्यानंतर फोडायला घेते. मुरूम किती खोल भरायचा, तेवढं सांगून ठेवा.