मदत हवी आहे: गाडीची किल्ली इग्निशनमधून निघत नाहीये (टिळक रोड, आत्ता गाडीतच बसून आहे)

आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन आलेय. ११ची वेळ आहे. ती वर जाऊन बसलीये आणि मी खाली गल्लीत, गाडीत. किल्ली बाहेर येत नाहीये. डोळ्यांत थेंब घातले की नंतर बराच वेळ तिला नीट दिसत नाही, जिना एकटीने उतरता येणार नाही. आणि किल्ली लटकत ठेवून गाडी सोडून जायची माझी हिंमत होत नाहीये.

गाडी २०११ची, छोटी, पेट्रोल, साधे गिअर. इंजिन चालू होतंय, बंदही होतंय. बंद करताना किल्ली एसीसीपर्यंत (इंजिन बंद, पण रेडिओ चालतो ती खूण) मागे येते आणि तिथेच थांबते. रेडिओ सुरूच. आमच्या गाडीत एसीसीवरून लॉककडे नेताना किल्ली थोडी आत दाबून फिरवावी लागते, इतकी वर्षं तेच करतोय. आज ती दाबलीच जात नाहीये. एरवी जरासं आत गेल्याचं बोटाला कळायचं, आज भिंतीवर अंगठा दाबल्यासारखं वाटतंय.

स्टिअरिंग हलवून पाहिलं. पुढेमागे वीसेक वेळा फिरवली. पक्कड आहे डिकीत, पण अजून हात लावलेला नाही. गेले दहाबारा दिवस सकाळी किल्ली जड जातेय, दुपारी नाही. लवकर सांगा प्लीज. आज सम तारीख, त्यामुळे सम-विषम पार्किंगची बाजू बरोबर आहे, चाकाला जॅमर लागायची तरी भीती नाही.

सदाशिवकर: स्टिअरिंग डावीउजवीकडे हलवत हलवत हळूच किल्ली फिरवा. हमखास उपाय. आमच्या शेजाऱ्यांची अशीच निघाली होती.

दहा_नंबर_पाना: सदाशिवकर, तो उपाय उलट्या दुखण्याचा. किल्ली काढल्यावर चाक वळलं की आतली खुंटी स्टिअरिंगच्या खाचेत बसते, मग लॉकवरून किल्ली फिरत नाही, तेव्हा चाक हलवायचं. यांची किल्ली लॉकपर्यंत पोचलेलीच नाही.

ताई, पक्कड डिकीतच राहू दे. आत पितळी पत्त्या असतात, एकेका स्प्रिंगवर. किल्ली लॉकच्या खुणेवर आली तरच त्या तिला सोडतात. एसीसीवर ओढलीत तर किल्ली तुटेल, अर्धी आत राहील. मग आजचा दिवस गेलाच म्हणून समजा.

दाबून फिरवायची सोय मुद्दाम केलेली असते, चालत्या गाडीत चुकून किल्ली लॉकला जाऊन स्टिअरिंग अडकू नये म्हणून. तुमचं तेच दाबणं कशाने तरी चिकटलंय. कुलपात कुणी काही सोडलंय का? तेल, ग्रीस?

घाटवाट: ऑटोमॅटिक नाही ना नक्की? त्यात गिअर पीमध्ये (पार्किंगच्या खुणेवर) पूर्ण बसला नाही तर किल्ली सुटत नाही. गिअरच्या खाली चहा सांडून आतला स्विच चिकटला, किंवा बॅटरी पार उतरली, तरी काही गाड्यांत हेच होतं. कुणी धागा शोधत आलं तर त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय.

वारज्याची (धागाकर्ती): ऑटोमॅटिक नाही. मी काही घातलेलं नाही. बाबांना विचारते, गाडी जास्त तेच चालवतात.

जुनीगाडी: बाबांना फोन लागेपर्यंत एक करा. भोकाशी नाक नेऊन वास घ्या. हसू नका. आणि आज सकाळी बाथरूममधली खोबरेलाची बाटली गोठलेली होती का ते आठवा.

वारज्याची: अहो! खोबरेलाचाच वास येतोय! आणि हो, बाटली गोठलेलीच होती, आईने बंबापाशी ठेवली होती.

बाबा म्हणाले, "तीनच थेंब घातले, दोन आठवडे झाले. किल्ली जरा कुरकुर करत होती." वर मलाच विचारतात, मग मऊ झाली की नाही?

जुनीगाडी: झाली ना, दुपारपुरती. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. डिसेंबरातली पुण्याची सकाळ म्हणजे कुलपात मेणबत्ती ओतल्यासारखं. त्यात धूळ बसली की लापशी होते. सकाळी जड आणि दुपारी ठीक, हे वाचूनच शंका आली होती.

आता असं करा. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, काचा बंद. हीटर पूर्ण गरम, पंखा पूर्ण, आणि स्टिअरिंगच्या बाजूचं हवेचं तोंड कुलपाकडे वळवा. तुम्ही वारज्याहून आलात म्हणजे इंजिन अजून गरम असेल, चटकन ऊब येईल. दहा मिनिटं धरा. मग इंजिन बंद करा, किल्ली एसीसीवर आणा, अंगठ्याने सरळ आत दाबा आणि दाबून ठेवूनच फिरवा. झटके नकोत. ओढायचं तर मुळीच नाही.

सदाशिवकर: पुण्यात गाडीचा हीटर लावायला सांगणारा माणूस प्रथमच भेटला.

घाटवाट: नाहीच निघाली तर घरून दुसरी किल्ली मागवा आणि बाहेरून दारं लॉक करून वर जा. आतली किल्ली आतच राहू दे. फार वेळ लागणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, दहा नंबरचा पाना पुरतो. एसीसीवर राहिलेली गाडी बॅटरी खाते, आणि वायर काढली की कुणी काच फोडली तरी नुसती किल्ली फिरवून गाडी नेता येत नाही.

वारज्याची: दुसरी किल्ली घरच्या कपाटात आहे, यायला तासभर जाईल. हीटर लावलाय. गाडीत आता लग्नघरातल्या स्वयंपाकघरासारखा वास सुटलाय.

…

वारज्याची: निघाली!!

आठ मिनिटांनी पहिल्यांदा दाबून पाहिलं, जेमतेम केसभर आत गेली. अजून पाच मिनिटं थांबले. मग अंगठा टेकवला तर तो जुना ओळखीचा दबका जाणवला, खट झालं आणि किल्ली हातात. दात्यांवर काळं, चिकट, काजळासारखं काहीतरी होतं. रुमाल गेला. पळते वर, १०.५० झालेत.

दहा_नंबर_पाना: छान. आज परत घालताना पुन्हा चिकटेल हे लक्षात ठेवा. आणि ते कुलूप स्वच्छ करून घ्याच.

वारज्याची (संध्याकाळी): आईचं काम झालं, मोतीबिंदू अजून पिकलेला नाही म्हणाले. तिला घरी सोडून, कपाटातली किल्ली घेऊन एका किल्लीवाल्याकडे गेले. त्याने आधी बॅटरीची वायर काढली, मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून किल्ली घाल, काढ, पूस, असं पंधरावीस वेळा केलं. पहिल्या फडक्यावर डांबर, शेवटच्यावर नुसता राखाडी डाग. पूर्ण वाळल्यावर ग्रॅफाइटची पूड फुंकली. तेल राहिलं असताना ग्रॅफाइट घालायची नाही, चिखल होतो, हे त्याने बजावून सांगितलं. पूर्ण लॉक सेट बदलायची वेळ आली तर नाना पेठेत मिळेल, पण आत्ता गरज नाही म्हणाला. धंदा समोर असताना असं सांगणारा माणूस, म्हणून मी दहा रुपये जास्त दिले.

त्याने आणखी एक दाखवलं. रोजची किल्ली आणि कपाटातली किल्ली शेजारी धरल्या. रोजच्या किल्लीचे दाते गुळगुळीत, टेकड्यांसारखे. कपाटातलीचे अजून धारदार. कुरकुर मुळात त्यामुळेच होती. नवीन बनवायची तर न झिजलेल्या किल्लीवरून बनवा, झिजलेलीवरून बनवली तर झीजही छापली जाते. गाडीला इमोबिलायझर (किल्लीतली चिप ओळखली तरच इंजिन चालू होऊ देणारी सोय) असेल तर नुसते दाते कापून भागत नाही, चिपही जुळवावी लागते. आणि घराच्या, ऑफिसच्या, कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा त्याने माझ्या हातात काढून दिला. म्हणाला, एवढं ओझं त्या भोकाला रोज लटकवू नका.

सदाशिवकर: 'चावी' न म्हणता 'किल्ली' म्हणालात याबद्दल विशेष आभार.

वारज्याची: जुनीगाडी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. फक्त धागा बंद समजू नका. बाबा आत्ता जेवताना म्हणाले की उरलेले दोन थेंब त्यांनी डिकीच्या कुलपात घातले होते. पक्कड अजून डिकीतच आहे. तिथे हीटर कसा पोचवायचा?