तातडीने मदत हवी आहे : बायोमेडिकल एमटेकची ऑफर, सोमवारी सकाळपर्यंत ठरवायचंय

मृण्मयी_एन
नमस्कार. कोॲपच्या (आयआयटींच्या एमटेक ऑफर जिथे येतात ते पोर्टल) राऊंडला ऑफर आली आहे. सोमवारी सकाळी विंडो बंद होते. फ्रीझ करू (पक्की), रिटेन करू (हातात ठेवून थांबू) की रिजेक्ट? जर्मनीचं प्रवेशपत्रही हातात आहे. घरात चार माणसं चार गोष्टी सांगतात. बायोमेडिकलमध्ये मास्टर्स केलेल्यांनीच लिहा, पुढे काय होतं तेही सांगा. "नीट विचार करून ठरव" असं कृपया लिहू नका, तेवढा वेळच नाही.

आल्हाद_७७
कुठली आयआयटी? गेट कुठल्या पेपरमधून? बीई कशात? जर्मनीत कुठे? यातलं काहीच लिहिलं नाहीस, मग फ्रीझ की रिटेन हे सांगायचं कशावरून?

राइनकाठची_राधा
जर्मनी. डोळे झाकून. मी आठ वर्षं इथे आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, फक्त सेमिस्टरचं अंशदान भरावं लागतं. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं. एपीएस (जर्मनीसाठी लागणारी कागदपत्रांची पडताळणी) झालंय का? नसेल तर यंदाचं विसर.

मृण्मयी_एन
आयआयटी हैदराबाद. गेट इन्स्ट्रुमेंटेशनमधून, बीईही त्यातच, नांदेडला. जर्मनीत ल्युबेक, शिकवणं इंग्रजीत. एपीएस झालंय. आता सांगा.

आल्हाद_७७
पैशाचं काय? ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी राहण्याचा खर्च अडकवून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात. म्हणजे बारा लाखांच्या आसपास.

मृण्मयी_एन
तेच तर अडलंय. बाबा दोन एकर गहाण ठेवायला तयार आहेत. मला ते नकोय.

आल्हाद_७७
ही गोष्ट पहिल्या ओळीत यायला हवी होती.

वाडिया_चौक
मी रुग्णालयांत ३१ वर्षं यंत्रं सांभाळली. मृण्मयी, स्पष्ट सांगतो. रुग्णालयात बायोमेडिकलवाला म्हणजे कॅलिब्रेशन, यंत्रांची ठरावीक देखभाल, देखभालीचे वार्षिक करार आणि एनएबीएचच्या (रुग्णालयांच्या मानांकनाच्या) फायली. माझ्या पाहण्यात एमटेकला त्यात वेगळा पगार मिळाला नाही. करायचंच असेल तर क्लिनिकल इंजिनियरिंग कर. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संस्था मिळून चालवतात. विद्यार्थ्यांना खरं रुग्णालय आतून बघायला मिळतं.

राइनकाठची_राधा
काका, तिच्या हातात ती ऑफर नाहीये. आहे त्या दोनांबद्दल बोलू या.

वाडिया_चौक
पुढच्या वर्षी तिथे अर्ज करता येईल की. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो.

मेडटेक_रेग्युलेटरी
दोन्ही सोडा. १ एप्रिल २०२० पासून देशात सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. आता बहुतेक उपकरणं परवान्याशिवाय बनवता येत नाहीत. आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेचं मानक) आणि २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस नियम ज्याला तोंडपाठ, त्याला कंपन्या शोधत येतात. सहा महिन्यांचा कोर्स करा आणि कामाला लागा. मी हेच केलं.

आल्हाद_७७
तिने नोकरीबद्दल विचारलेलंच नाही.

मेडटेक_रेग्युलेटरी
"पुढे काय होतं" असं तिनेच लिहिलंय, वर वाचा.

सुनीता_लातूर
माझी मुलगी बारावीला आहे, पीसीबी घेतलंय, गणित नाही. बायोमेडिकल इंजिनियरिंगला चालेल का? नाव मेडिकल आहे म्हणून विचारते.

कांदी_कॅम्पस
मृण्मयी, मी आयआयटीतून बायोमेडिकलमध्ये एमटेक केलंय, चार वर्षं झाली. आधी तू सांग, बीई होऊन किती काळ झाला आणि तुला नक्की काय करायचंय? बायोमेडिकल म्हणजे एक विषय नाही. कुणी एमआरआयच्या प्रतिमांवर काम करतं, कुणी हाडाच्या स्क्रूवर, कुणी ईईजीवर (मेंदूच्या विद्युत संकेतांवर). दोन वर्षांनी तू कोण होशील हे संस्थेच्या नावापेक्षा गाईडवर जास्त ठरतं.

मृण्मयी_एन
दोन वर्षं झाली. डायलिसिस यंत्रांची सर्व्हिस इंजिनियर आहे. नांदेड, परभणी, हिंगोली असा पट्टा. फोन आला की निघायचं.
एका ठिकाणी कंडक्टिव्हिटीचा (द्रावातल्या क्षारांचं प्रमाण बिघडल्याचा) अलार्म पुन्हा पुन्हा वाजायचा. सेन्सर बदलला, कॉन्सन्ट्रेटचा पंप बदलला, तरी तेच. शेवटी आरओच्या पाण्यात दोष निघाला. चार तासांच्या एका डायलिसिसला यंत्रातून मिनिटाला अर्धा लिटर, म्हणजे १२० लिटर द्राव जातो आणि तो त्याच पाण्यातून तयार होतो. कार्बन फिल्टर दमला की क्लोरीन सरळ पुढे येतं, आणि ते रक्तातल्या लाल पेशी फोडतं. उन्हाळ्यात टँकर बदलला की पाणीही बदलतं. यंत्र बनवणाऱ्याने हे गृहीत धरलेलंच नाही. मला आपल्या पाण्यावर आणि आपल्या विजेवर चालेल असं यंत्र करायचंय, किंवा निदान पाण्यावर सतत नजर ठेवणारं स्वस्त उपकरण. लिहायला उशीर झाला, माफ करा. मला वाटलं ऑफरचंच महत्त्व आहे.

वाडिया_चौक
हे वाचून माझं मत बदललं. श्री चित्राने बनवलेली हृदयाची कृत्रिम झडप आठवते. डॉ. वलियाथन यांच्या गटाचे आधीचे नमुने एकामागून एक फसले. शेवटी कोबाल्ट-क्रोमच्या पिंजऱ्यात पॉलिथिलीनची चकती, हा नमुना टिकला. मेंढ्यांवर चाचण्या झाल्या आणि १९९० मध्ये पहिल्या माणसात बसला. परदेशी झडप परवडत नाही, ही अडचण त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिली होती. तुझंही तसंच आहे. तू शीक.

राइनकाठची_राधा
मग तर जर्मनीच. डायलिसिसच्या मोठ्या कंपन्या इथे आहेत.

कांदी_कॅम्पस
राधाताई, कंपन्या आहेत हे खरं. पण तिला परभणीचं पाणी हवंय. गेटवर एमटेक केलं की महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, त्यात टीएचं (शिकवण्यात मदतीचं) काम करावं लागतं. श्रीमंती नाही, पण जमीन गहाण पडत नाही.

राइनकाठची_राधा
जमिनीचं मान्य. ते वाचल्यावर मीही आग्रह धरणार नाही. फक्त कधी आलीस तर जर्मन भाषेची बी-वन पातळी करून ये. वर्ग इंग्रजीत असले तरी विद्यार्थ्यांना कामं देणारे जर्मन येतं का ते विचारतात. मी पहिलं वर्ष त्यातच घालवलं.

कांदी_कॅम्पस
मृण्मयी, आता कामाचं. रिजेक्ट केलीस की ती ऑफर परत येत नाही. रिटेन केलीस तर हातात राहते आणि पुढच्या राऊंडला वरची आली तर बघता येतं. रिटेन किती वेळा चालतं ते यंदाच्या सूचनांत बघ. फ्रीझ करण्याआधी मात्र एक कर. विभागाच्या पानावर प्रत्येक प्राध्यापकाचे गेल्या तीन वर्षांचे पेपर चाळ आणि सेन्सर किंवा द्रवांवर काम करणाऱ्यांच्या विद्यार्थ्यांना आजच ईमेल टाक. प्राध्यापक रविवारी उत्तर देतीलच असं नाही, विद्यार्थी देतात. तुझा विषय बायोमेडिकल विभागाबाहेरही असू शकतो. आयआयटी मुंबईत डायलायझरच्या (रक्त गाळणाऱ्या नळीच्या) पोकळ तंतूंच्या पडद्यावरचं काम प्रा. जयेश बेल्लारे यांच्या गटाने केलं, ते केमिकलचे. तिथेच २०१४ पासून बेटिक हे केंद्र आहे, डॉक्टर आणि इंजिनियर एकत्र बसून उपकरणं घडवतात. त्याची शाखा नागपूरच्या व्हीएनआयटीतही निघाली.

मेडटेक_रेग्युलेटरी
ती नजर ठेवणारी पेटी विकायची झाली तर उपकरणाचा जोखमीचा वर्ग कुठला लागतो ते आधी बघ. माझा मुद्दा तिथे येईलच.

मृण्मयी_एन
तो मुद्दा मी लिहून ठेवलाय दादा, खरंच.

सुनीता_लातूर
माझं कुणीच सांगितलं नाही.

आल्हाद_७७
ताई, राज्यातल्या इंजिनियरिंग प्रवेशाला सीईटीचा पीसीएम गट लागतो. गणिताशिवाय अवघड आहे. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

मृण्मयी_एन
रविवार, रात्री ११. तीन विद्यार्थ्यांना लिहिलं, एकीचं उत्तर आलं. तिच्या लॅबमध्ये मायक्रोफ्लुइडिक्सवर (केसाएवढ्या बारीक नळ्यांतून द्रव खेळवणं) सेन्सर करतात, पाण्याच्या नमुन्यांवर अजून कुणी काम केलेलं नाही, पण सरांना विचारते म्हणाली. शिवाय नांदेडहून सिकंदराबादला रेल्वे आहे, आईला तेवढ्याने बरं वाटलं. रिटेन केलं. ल्युबेकला नकाराचं पत्र उद्या पाठवते. बाबांना आत्ताच सांगून आले, सातबारा परत कपाटात ठेवलाय.