मदत हवी आहे: जुन्या फ्रिजचा वीजवापर कमी कसा करावा?

आमच्याकडे १२ वर्षे जुना, १९० लिटरचा, एका दाराचा फ्रिज असून त्यातील बर्फ बटण दाबून वितळवावा लागतो. प्लगला वीजमापक लावून सलग सात दिवस मोजले असता रोज सरासरी १.८ युनिट वीज लागली, म्हणजे महिन्याला सुमारे ५४ युनिट; एवढ्या लहान फ्रिजसाठी हे मला फार वाटते. कॉम्प्रेसर तासातील जवळपास ४५ मिनिटे चालू असतो.

मागच्या जाळीवरची धूळ काढली, फ्रिज भिंतीपासून १५ सेंटीमीटर पुढे ओढला, बर्फ पूर्ण वितळवला आणि थर्मोस्टॅट ५ वरून ३ वर आणला, तरी फरक जेमतेम ०.१ युनिटाचा पडला. दाराच्या रबरात कागद धरून पाहिला असता तो बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात सहज निसटतो, इतरत्र मात्र घट्ट बसतो. फ्रीझरमध्ये बर्फ सगळीकडे सारखाच धरतो. घरात इन्सुलिन असल्याने आतील तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवे, त्यामुळे रात्री फ्रिज बंद ठेवण्याचा पर्याय कृपया सुचवू नये.

केवळ एका कोपऱ्यातून शिरणाऱ्या हवेमुळे कॉम्प्रेसर इतका वेळ चालू शकतो का, की गॅस कमी झाल्याची शक्यता अधिक आहे, आणि मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी हे घरच्या घरी कसे ओळखता येईल?