लाइट गेली की ऑफिसचं दार उघडतं, मग वॉचमन बाहेरून साखळी लावतो. काय करायचं?

शिरोली_डिस्पॅच:
नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका कास्टिंग युनिटमध्ये डिस्पॅचचं बघते. आजूबाजूला चोऱ्या झाल्या म्हणून दोन महिन्यांपूर्वी आमच्या ऑफिसला कार्डवालं काचेचं दार बसवलं. वर मॅग्नेट, बाहेर कार्ड लावायचं मशीन, आतून बटण. गेल्या आठवड्यात रात्री पाऊस लागला होता आणि आम्ही चौघं आत कागद करत बसलेलो, लाइट गेली आणि दार आपोआप सुटलं. वॉचमन काकांनी उघडं दार बघितलं, आत कोण आहे नाही न बघता बाहेरून हँडलला साखळी घालून कुलूप लावलं आणि परत गेटवर गेले. आम्हाला निघताना कळलं. काका फोन उचलेनात, मोबाइलच्या उजेडात काचेवर हात मारत बसलो, बारा मिनिटांनी सुटलो. त्यांना तरी काय बोलणार, त्यांना सांगितलेलंच तसं आहे की लाइट गेली की साखळी लावायची.
आणि मागचं दार? त्याला रिजेक्ट कास्टिंगचा तुकडा लावून दिवसभर उघडं ठेवलेलं असतं. मालक म्हणतात पुढं एवढा खर्च केलाय, आता सगळं सेफ आहे. मला तेच पटत नाही. लाइट गेल्यावर उघडणारं लॉक म्हणजे फॉल्टी माल आहे का? मालकांना काय सांगू?

वायरमन_राजारामपुरी:
ताई, लॉक फॉल्टी नाही. मी हीच कामं करतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. ईएम लॉक म्हणजे १२ व्होल्टवर चालणारं मॅग्नेट, करंट आहे तोवर २८० किलोच्या जोरानं धरतं, करंट गेला की सोडतं, आणि ते मुद्दामच तसं केलेलं असतं, कारण आग लागली की पहिल्यांदा लाइट जाते आणि माणूस आत अडकता कामा नये. लाइट गेल्यावरही दार बंद राहावं म्हणून पॉवर सप्लायच्या डब्यात बॅटरी असते, ती चांगली असली तर काही तास आरामात निघतात. तुमचं दार लगेच सुटलं म्हणजे बॅटरी मेलीय नाहीतर जोडलेलीच नाही. डबा उघडायला लावा आणि बसवणाऱ्याला समोर उभं करून मेन स्विच पाडा, दुसरी टेस्ट नाही.
दुसरं, बाहेरच्या मशीनमधनंच थेट मॅग्नेटला वायर गेलीय का बघा. स्वस्तात काम उरकायचं म्हणून खूप जण तसंच करतात. मग ते मशीन भिंतीवरनं काढून मागच्या वायरींशी खेळलं की दार उघडतं, कार्ड लागतच नाही. कार्ड तपासून लॉक सोडायचं ठरवणारा कंट्रोलर आतल्या बाजूला पाहिजे. कार्ड जर १२५ किलोहर्ट्झचं साधं असेल तर त्यात नुसता एक नंबर असतो, त्याची कॉपी किरकोळ पैशात होते.
रात्रीसाठी साखळी नको. बाहेरून किल्लीनं आणि आतून नुसतं हँडल दाबून उघडणारं लॉक मिळतं, ते बसवा. आणि आत दाराजवळ हिरवा इमर्जन्सी बॉक्स पाहिजेच, तो दाबला की मॅग्नेटचा करंट सरळ तुटला पाहिजे. नुसत्या बटणावर राहू नका, कंट्रोलर हँग झाला तर बटणही मेलं.

फौंड्रीवाला:
साखळी आधी काढा. बाकीचं मागनं बघा.
आमच्या पॅटर्न शॉपला आग लागलेली. लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे साचे करायचे नमुने, दोन मिनिटांत धूर एवढा की आपला हात दिसंना. मागच्या दाराला कुलूप, किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात, आणि स्टोअरकीपर सुट्टी टाकून गडहिंग्लजला. पोरांनी खिडकीची जाळी उचकटली म्हणून वाचले, एकाचा हात फाटला. ते कुलूप कशासाठी? भंगार बाहेर जाऊ नये म्हणून.
१९११ साली न्यूयॉर्कमध्ये ट्रायँगल नावाच्या शिवणकामाच्या कारखान्यात हेच झालं होतं. माल चोरीला जाऊ नये, बाहेर जाताना पर्स तपासता याव्यात म्हणून नवव्या मजल्यावरचं जिन्याचं दार कुलूपबंद. १४६ माणसं गेली, बहुतेक कोवळ्या पोरी. आपल्याकडं १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या ३८ व्या कलमात आगीत सुखरूप बाहेर पडायची वाट ठेवा म्हणून लिहिलेलं होतं. मालकांना चोरीचं सांगू नका ताई, त्यांना विचारा की त्या रात्री आत ठिणगी पडली असती तर चार घरी जाऊन काय सांगितलं असतं. आणि वॉचमनला साखळीची ऑर्डर कुणी दिली तेही लेखी मागा.

शाहूपुरीकर:
कॅमेऱ्याचंही एकदा बघून घ्या. २०१९ च्या पुरात आमच्या दुकानाचे आठही कॅमेरे वर छताला कोरडे ठणठणीत, आणि डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवायचा डबा, खाली काउंटरच्या कप्प्यात, तो पाण्यात. एक मिनिटाचं फुटेज मिळालं नाही. चोरालाही तेच सोपं पडतं, डीव्हीआरच उचलून न्यायचा. पासवर्डही कंपनीचा आलेला तसाच ठेवू नका. २०१६ ला मिराई व्हायरसनं असलेच बाय डिफॉल्ट पासवर्ड टाकून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते.

शिरोली_डिस्पॅच:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज बसवणाऱ्याला बोलावलं, मालकही समोर होते. मेन पाडला, दार लगेच सुटलं. डबा उघडला तर आत नवीकोरी बॅटरी आणि टर्मिनलवरच्या लाल-काळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या तशाच. दोन महिने जोडलेलीच नव्हती. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत, मग काकांना बोलावून साखळी मागून घेतली. फौंड्रीवाले दादा, तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा विचारला, रागावले नाहीत. हिरवा बॉक्स आणि आतून हँडलचं लॉक उद्या येतंय, कंट्रोलर आत घ्यायचं पुढच्या आठवड्यात.
मागच्या दाराचा तुकडा मात्र अजून तिथंच आहे, कारण ते दार बंद झालं की बाहेरून उघडत नाही आणि चहावाल्या पोराला आत यायला दुसरी वाट नाही. त्याला ओरडून काय उपयोग, वाट आम्हीच ठेवलेली नाही. तिथं बेल आणि दार आपोआप लोटून घेणारं डोअर क्लोजर बसवायचं म्हणतेय. शिरोलीत येऊन करणारं कुणी असेल तर मेसेज करा.