नोकरीत चार वर्षांची गॅप आहे, "मग इतके दिवस काय केलंत?" विचारलं की ततपप होतं

कोरा_कागद:
नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३१, कॉमर्सचा पदवीधर. एका छोट्या कंपनीत अकाउंट्सला २ वर्षं होतो, व्हाउचर एन्ट्री, बँक रिकन्सिलिएशन (म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आणि आपले हिशोब जुळवणं), व्हेंडरांची पेमेंट्स, महिनाअखेरची धावपळ, नेहमीचंच सगळं. मग वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. आईला एकटीला त्यांना उचलणं जमेना, बहीण लांब असते, म्हणून मी नोकरी सोडली, म्हटलं सहा महिन्यांत गाडी रुळावर येईल. त्या सहा महिन्यांचे ३ वर्षं ८ महिने झाले. वडील गेले, त्याला आता चार महिने होतील.

सध्या नोकरी शोधतोय. साठेक ठिकाणी अर्ज टाकले, कॉल आले दोन. दुसऱ्या इंटरव्ह्यूत समोरच्या बाईंनी रिझ्युमेवर बरोबर त्या रिकाम्या जागी पेन टेकवलं आणि विचारलं, "मग इतके दिवस काय केलंत?" मी म्हणालो, "काही नाही, घरीच होतो." शप्पथ, एवढंच बाहेर पडलं. रोज पहाटे पाचला उठून वडिलांची कूस बदलण्यापासून माझा दिवस सुरू व्हायचा आणि मी म्हणतोय काही नाही! मग त्यांनी आणखी दोन प्रश्न उगाच विचारायचे म्हणून विचारले आणि "कळवतो" म्हणाल्या. अजून कळवतायत.

तर विचारायचं असं की (१) एका मित्राची फर्म आहे, तो म्हणतो एवढी वर्षं माझ्याकडे होतास असं लिही, मी लेटर देतो. लिहू का? (२) गॅपचं रिझ्युमेत लिहायचं की गप्प बसायचं? (३) धडधाकट पुरुष घरी राहून वडिलांचं करत होता म्हटल्यावर काही लोकांचा चेहरा बदलतो, मला दिसतं ते. त्याचं काय करायचं?

खतावणी:
आधी पहिल्याचं उत्तर. नको. लेटर मिळेल हो, पण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले नुसत्या लेटरवर थांबत नाहीत, ते सॅलरी स्लिप मागतात, पगार खात्यात जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट मागतात, कधी थेट फोन करून "हे कोणत्या तारखेला जॉइन झाले, कोणाला रिपोर्ट करायचे" विचारतात आणि तुमचा मित्र तिथे काहीतरी वेगळंच सांगून मोकळा होतो. माझ्या आधीच्या ऑफिसात एकाचं हे जॉइन झाल्यावर दोन महिन्यांनी निघालं, त्याच दिवशी दुपारी त्याला लॅपटॉप जमा करायला सांगितला, आम्ही सगळे बघत होतो. गॅप समजावून सांगता येते, हे नाही सांगता येत. आणि अकाउंट्सच्या माणसाने खोटं व्हाउचर लावून नोकरीला लागायचं म्हणजे कमालच झाली.

पण मित्र खरंच मदत करायला तयार असेल तर त्याला म्हणा, लेटर नको, काम दे. छोट्या फर्ममध्ये रिकन्सिलिएशन कायम तुंबलेलं असतं. आठवड्यातून दोन दिवस जा, ज्या दिवशी जाल त्या दिवसाची तारीख घाला, पार्टटाइम असेल तर पार्टटाइम लिहा. हे खरं असल्यामुळे कोणी काहीही विचारलं तरी घाम फुटणार नाही.

चाळणी:
मी भरतीच्या कामात आहे, म्हणजे त्या पेनवाल्या बाईंच्या बाजूची. आमच्या बाजूने कसं दिसतं ते सांगते. एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात, पहिल्या फेरीत कोणी रिझ्युमे नीट वाचत नाही, नजर जाते शेवटच्या नोकरीवर आणि तिच्या तारखेवर. तारीख जुनी दिसली की मनात तीन शंका येतात, काम विसरला असेल का, पुन्हा मध्येच सोडून जाईल का, आणि काही लपवतोय का. गॅपचं कारण ऐकायचं असतं ते या तिन्हींसाठी, तुमच्या घरातली हकीकत ऐकायची म्हणून नाही. तुमच्याकडे तिन्हीची उत्तरं आहेत आणि तुम्ही म्हणालात "काही नाही"!

रिझ्युमेचं म्हणाल तर यावर ब्रिटनमध्ये एक मोठा प्रयोग झालाय, २०२२ साली प्रसिद्ध झाला. खऱ्या कंपन्यांना ९,०२२ अर्ज पाठवले, काहींत नोकरीच्या तारखा, काहींत तारखांऐवजी फक्त "इतकी वर्षं" असं. वर्षं लिहिलेल्यांना, तारखांमुळे गॅप उघड दिसणाऱ्यांपेक्षा साधारण १५ टक्के जास्त कॉल आले. म्हणजे "अकाउंट्स असिस्टंट, २ वर्षं" असं लिहायला हरकत नाही. मात्र ऑनलाइन फॉर्ममध्ये महिना-वर्ष मागितलं तर खरंच भरा, तिथे हुशारी करू नका.

ताळमेळ:
चाळणीताईंचा प्रयोग असेल बरोबर, पण मी अकाउंट्सचा मॅनेजर आहे आणि माझ्यापुढे बिनतारखेचा रिझ्युमे आला की मी पहिला फोन करून तारखाच विचारतो. बिनतारखेचं व्हाउचर आम्ही पास करत नाही, तो स्वभावच होऊन जातो. मला विचाराल तर सरळ एक ओळ टाका, "करिअर ब्रेक : वडिलांच्या आजारपणात पूर्णवेळ देखभाल", खाली कालावधी. लिंक्डइनने तर २०२२ पासून प्रोफाइलमध्ये करिअर ब्रेक टाकायची वेगळी सोयच दिलीय, त्यात देखभालीचा प्रकार आहे. म्हणजे एवढ्या लोकांना ते लागतं म्हणूनच ना.

आता मला गॅपपेक्षा जास्त काय बघायचं असतं ते सांगतो, कारण यावर कोणी बोलत नाही. मी उमेदवारापुढे एक एक्सेल शीट ठेवतो. एकीकडे बँक स्टेटमेंट, एकीकडे लेजर म्हणजे कंपनीची खातेवही, दोन्हीत ९०० चा फरक. डिग्रीवाले, गॅप नसलेले कितीतरी जण वरपासून एकेक एन्ट्री टिक करत बसतात. ज्याने हे काम खरंच केलंय तो आधी म्हणतो, फरक ९ ने भागला जातोय, म्हणजे कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे पडले असणार. आणि खरंच ४,५०० चे ५,४०० झालेले असतात. असं म्हणणारा माणूस चार वर्षं घरी होता की चंद्रावर, मला फरक पडत नाही. तेव्हा रोज तासभर एक्सेल उघडून बसा. त्यातल्या व्हीलूकअप फॉर्म्युल्यावर थांबू नका, पुढचं एक्सलूकअप, पिव्होट, जमलं तर पॉवर क्वेरीही शिका. सर्टिफिकेटच्या मागे फार लागू नका, हात चालला पाहिजे.

नवाकोरा२२:
मध्येच घुसतोय, सॉरी. माझी गॅप नाही पण अनुभवच नाही. फ्रेशर पाहिजे म्हणतात आणि खाली १-२ वर्षं अनुभव लिहितात. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. रोज वीस-वीस अर्ज टाकतो, एकाचंही उत्तर नाही.

पारावरचा:
@नवाकोरा, रोज वीस अर्ज म्हणजे एकच रिझ्युमे वीस ठिकाणी ढकलतोयस, बरोबर? तीनच टाक पण जाहिरात वाचून टाक, त्यांनी जे काम लिहिलंय त्यातलं तू कुठे केलंयस ते वरच लिही, मग ते कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये असो की काकांच्या दुकानाचा हिशोब ठेवताना. १-२ वर्षं लिहिलेलं असलं तरी अर्ज कर, नाही म्हणायचं काम त्यांचं आहे, ते तू कशाला करतोस.

आणि दोघांनाही सांगतो, ओळखी वापरा रे. ओळख म्हणजे वशिला नव्हे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा गाजलेला पेपर आहे, त्यात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं की त्या माणसाला तुम्ही कितीदा भेटायचात. नेहमी भेटायचो म्हणणारे जेमतेम १७ टक्के निघाले, बाकीच्यांची ओळख अधूनमधूनची नाहीतर क्वचितची. कारण साधं आहे, जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. चार वर्षांत फोन केला नाही असा जुन्या ऑफिसातला सीनियर असेल ना, त्याला लावा. लाज वाटते, कळतं मला, मी स्वतः एक नंबर तीन दिवस नुसता काढून बघत होतो. "नोकरी द्या" म्हणू नका, "कुठे माणूस लागत असेल तर माझं नाव लक्षात ठेवा" एवढंच.

कोरा_कागद:
सगळ्यांचे आभार. मित्राला लेटर नको म्हणून सांगितलं, हसला. चाळणीताई, काल रात्री उत्तर लिहून काढलं, बघता का?

"माझ्या वडिलांना अचानक पॅरालिसिसचा झटका आला आणि घरी दुसरं कोणीच नसल्यामुळे मला दुर्दैवाने नोकरी सोडावी लागली, ही गॅप मोठी आहे याची मला कल्पना आहे पण त्या काळात मी खूप काही शिकलो, संयम शिकलो, जबाबदारी शिकलो, आणि संधी मिळाली तर मी जीव ओतून काम करीन."

चाळणी:
बघते कसली, कात्री घेऊनच बसलेय. "दुर्दैवाने" काढा. "गॅप मोठी आहे याची कल्पना आहे" काढा, माफी मागताय असं वाटतं. "संयम शिकलो" हे दिवसाला दहाजण म्हणतात, काढा. "जीव ओतून" तर काढाच. उरलं काय ते बघा:

"वडिलांना पॅरालिसिस झाला होता, ३ वर्षं ८ महिने त्यांची पूर्ण देखभाल मी करत होतो. ते गेले, आता ती जबाबदारी नाही, मी पूर्णवेळ कामाला मोकळा आहे. सध्या आठवड्यातून दोन दिवस एका फर्मचं रिकन्सिलिएशन बघतोय."

बस. शेवटचं वाक्य मात्र मित्राकडचं काम खरंच सुरू झाल्यावरच. आणि यानंतर गप्प बसायचं, हेच सगळ्यात अवघड असतं. समोरचा दोन सेकंद काही बोलला नाही की लोक भरभरून पुढे सांगायला लागतात आणि तिथेच घसरतात. आरशासमोर नको, कोणाला तरी समोर बसवून म्हणा, बहिणीला फोनवर म्हणून दाखवा. पहिल्या दोन-तीनदा आवाज कापेल, चार महिनेच झालेत ना, कापणारच. तो घरी कापून घ्या.

मुक्कामपोस्ट:
तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहिते. चेहरा काहींचा बदलणारच, खोटं कशाला सांगू. माझ्या भावाने मुलीच्या आजारपणात दीड वर्ष घर सांभाळलं, त्याला एकाने तोंडावर विचारलं, "बायको काय करत होती?" तो म्हणाला, "नोकरी." तिथे काही त्याला घेतलं नाही. दुसऱ्या ठिकाणी मॅनेजरच्या आईचं तसंच काहीतरी चाललेलं होतं, त्याने गॅपबद्दल एक प्रश्न विचारला नाही. कोण कुठे भेटेल ते आपल्या हातात नसतं. असा चेहरा दिसला तर समजवायला जाऊ नका, सरळ कामावर बोला, महिनाअखेरीला तुम्ही कोणकोणते हिशोब क्लोज, म्हणजे पुरे करून बंद, करायचात ते सांगा.

कोरा_कागद:
छोटा अपडेट. जुन्या सीनियरना फोन लावला, पारावरचे म्हणतात तसा दोन दिवस नंबर नुसता बघून झाल्यावर. ते म्हणाले, "अरे आहेस कुठे!" वडिलांचं त्यांना माहीतच नव्हतं. त्यांच्या सध्याच्या ऑफिसात क्लोजिंगला दोन आठवडे जादा माणूस लागतोय, कायमची जागा नाही हे त्यांनी आधीच सांगितलं, पण सोमवारपासून ये म्हणाले.

@ताळमेळ, तो ९ चा हिशोब मला वाचता वाचताच आठवला, अर्धी ओळ वाचली होती तेव्हाच. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

ताळमेळ:
मग शीट पाठवतो, या वेळी फरक ९ ने जाणारा नाही. रविवारपर्यंत सोडवून आणा.