नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन कॅनडाला जातोय, ती नक्की कुठली होईल?

सांगलीची_आई:
जूनमध्ये आम्ही टोरंटोजवळ ब्रॅम्प्टनला जातोय. लेक चौथीत आहे. नवरा म्हणतो, "बरंच आहे, जगाची नागरिक होईल." माझ्या मात्र पोटात गोळा येतो. लहानपणी परदेशी गेलेल्या कुणी सांगाल का, खरंच तसं वाटतं? की धड इकडचे नाही, धड तिकडचे नाही?

कृष्णाकाठ:
ताई, मी १९९८ साली वाईहून मिसिसागाला आले तेव्हा नऊचीच होते. २००२ मध्ये आईबाबांनी नागरिकत्वाची शपथ घेतली. १४ वर्षांखालच्या मुलांना ती घ्यावी लागत नाही, म्हणून मी नुसती शेजारी उभी. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे तीन सिंहांचा पासपोर्ट गेला, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. हे बरीच वर्षं सलत राहिलं.

पण जगाशी माझं नातं जडलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. दहाव्या वर्षी मी आईची दुभाषी झाले. एकदा डॉक्टरांनी तिच्या पाळीबद्दल विचारलं, ते मी मराठीत सांगायचं होतं. आई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. माझ्याकडे बघेचना.

२०१६ च्या हिवाळ्यात सीरियातून निर्वासित आले. चार महिन्यांत २५ हजारांवर माणसं कॅनडाने घेतली. मी गरम कपडे वाटायला जायचे. तिथे दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आईसाठी बुटांचा नंबर विचारत होती. आमच्याशी मोठ्या बाईसारखी बोलायची, आईकडे वळली की आवाज एकदम हळू. मला राहवेना. अरबी येणाऱ्या एका बाईंना शोधून आणलं आणि पोरीला खेळण्यांच्या टेबलाकडे पाठवलं. जगाची नागरिक म्हटलं की मला तीच आठवते.

लेकीला दुभाषी करू नका, एवढं ऐका. दवाखान्यात दुभाषी मिळेल का, हे आधीच विचारून ठेवा.

मस्कतवाला:
मी सहाव्या वर्षी मस्कतला गेलो. तिथे व्हिसा बाबांच्या नोकरीला बांधलेला. मी दहावीत असताना नोकरी गेली आणि तीन आठवड्यांत घर आवरलं. सायकल शेजारच्या मल्याळी मित्राला दिली. कायमचा कागद हाती असेल तर जगाचे नागरिक म्हणवून घेता येतं, आम्हाला ते कधी जमलं नाही. तुमच्या लेकीला तो मिळेल, ही मोठी गोष्ट आहे.

सांगलीची_आई:
कृष्णाकाठ, नवऱ्याला वाचून दाखवलं. माझं इंग्रजी कामापुरतंच आहे. दवाखान्यात लागणारे शब्द आजपासून वहीत लिहायला घेतलेत. पहिला शब्द पाळीचाच लिहिलाय.