'झिओलाइट-आधारित' म्हणावं का?

प्रश्न: प्रोपेनमधला हायड्रोजन काढून प्रोपीन करताना जो उत्प्रेरक लागतो, त्यावर टिपण लिहितेय. धातू प्लॅटिनम, त्याला धरून ठेवणारं झिओलाइट, म्हणजे बारीक छिद्रांचं स्फटिकी खनिज. 'झिओलाइट-आधारित धातू-उत्प्रेरक' चालेल? आणि प्रोपेनसारख्या लहान हायड्रोकार्बनांना 'हलके अल्केन'?

उत्तर १: 'आधारित' नको. कृषी-आधारित उद्योग म्हणजे शेतमालावर चालणारा उद्योग. त्या चालीने वाचणाऱ्याला वाटेल, सगळं काम झिओलाइटच करतं. इथे हायड्रोजन सोडवतं ते प्लॅटिनम. झिओलाइट त्याला जागा देतं. सरळ 'झिओलाइटवर बसवलेलं प्लॅटिनम' लिहा. समास झाला नाही तर काय बिघडलं?
'हलके' म्हटलं की हलका माल आठवतो. 'दोन ते चार कार्बनचे अल्केन' लिहा, वाद मिटला.

उत्तर २: माझी हरकत 'वर'ला आहे. ॲल्युमिनावरचं (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवरचं) प्लॅटिनम खरंच पृष्ठभागावर असतं. पण ही अभिक्रिया उष्णता खाणारी, ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास चालवावी लागते. त्या तापात धातूचे बारीक कण सरकतात, एकमेकांना चिकटून मोठे होतात, आणि आत गाडले गेलेले अणू फुकट जातात. कार्बनचा थर चढतो तो वेगळाच; तो हवेत जाळून काढतात. म्हणून हल्ली झिओलाइटचे स्फटिक वाढतानाच धातू आत अडकवतात. सिलिकालाइट-१ या झिओलाइट-प्रकारची छिद्रं जेमतेम ०.५५ नॅनोमीटरची. प्रोपेन ये-जा करतो, धातूचा कण मात्र सहसा निसटत नाही. याला सोनारांकडे शब्द तयार आहे: कोंदण.

प्रश्नकर्ती: कोंदण सुंदर! पण कोंदणातला खडा वरून उघडा असतो. इथे चहूबाजूंनी भिंती. मग 'कोंडलेलं' म्हणू?

उत्तर २: कोंडलं की घुसमटलं. इथे प्रोपेन प्लॅटिनमपर्यंत पोचतोच ना? तीच उघडी बाजू समजा.

उत्तर ३: जाता जाता, उत्प्रेरकाला 'विरजण' म्हणता येईल?

उत्तर १: नाही. विरजण दह्यातच जिरतं, आणि पुढचं विरजण त्याच दह्यातून काढतात. प्रोपीनमधून प्लॅटिनम काढायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

उत्तर ३: आणि झिओलाइटला गारगोटी? पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतल्या स्टिल्बाइटलाही (तेही एक झिओलाइटच) लोक सरसकट गारगोटीच म्हणतात.

उत्तर १: गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, तिच्यातून ठिणगी पडते. झिओलाइट हे नाव स्वीडनच्या खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेटने १७५६ साली दिलं ते तापवल्यावर वाफ सुटताना पाहून: ग्रीकमध्ये 'उकळणारा दगड'. शिवाय कारखान्यात लागतं ते बहुतेक प्रयोगशाळेच्या पद्धतीने घडवलेलं, खाणीतलं नव्हे. झिओलाइटच राहू द्या.

प्रश्नकर्ती: ठरलं. शीर्षकात 'झिओलाइटच्या कोंदणातलं प्लॅटिनम', आत जिथे ॲल्युमिना येईल तिथे 'वर बसवलेलं'.